उषाताईंचा ओवा

उषाताई रणदिवे गेल्याचा फोन कार्डिफहून त्यांच्या मुलीचा आला, तेव्हा मी मागच्या अंगणात मेथीच्या कानातली कुसळं काढत बसलो होतो. मेथी म्हणजे माझी सेटर जातीची कुत्री. मुलगी शांतपणे सांगत होती, आई झोपेतच गेली, त्रास असा काही झाला नाही. मी "अरेरे" म्हणालो, "फार वाईट झालं" म्हणालो, आणि फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: झोपेत! हेसुद्धा त्यांना बरोबर जमलं.

माझी बायको नीता म्हणते, असा विचार चांगल्या माणसाच्या मनात येत नाही. नसेल येत. पण ज्याने कितीतरी वर्षं उषाताईंच्या मागे एक पाऊल राहून डोंगर तुडवले, त्याच्या मनात येतो. मला उषाताईंचा हेवा वाटायचा. आदर होता, माया होती, कौतुकही होतं, पण ते ताटातल्या लोणच्याएवढं. मुख्य जेवण हेव्याचं होतं आणि ते मी पोटभर जेवलो.

त्या मूळच्या मिरजेच्या. एडिनबराच्या हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टर म्हणून आल्या, तिथूनच रिटायर झाल्या. शहराच्या दक्षिणेला, डोंगरांच्या पायथ्याशी एका खेड्यात त्यांचं घर होतं. कुत्र्यांचा नाद खरा त्यांच्या यजमानांचा. ते अकाली गेले, त्यांच्यामागे त्यांची सेटर कुत्री अन्न सोडून बसली, तेव्हा मिरजेच्या गल्लीत कुत्रं दिसलं की रस्ता बदलणाऱ्या या बाई तिला घेऊन डोंगरावर गेल्या. कुत्री जेवायला लागली आणि बाई डोंगरावरून परत आल्याच नाहीत, असं म्हणायला हरकत नाही. मी त्यांना ओळखायला लागलो तेव्हा त्यांच्या अंगणात पाच सेटर होते आणि दिवाणखान्यात पाहुण्याला बसायला जागा नव्हती.

सेटर हा शिकारी कुत्रा खरा, पण पकडणारा नव्हे, दाखवणारा. इथल्या डोंगरावर हेदर नावाचं गुडघ्याएवढं झुडूप पसरलेलं असतं आणि त्यात ग्राउझ लपून बसलेले असतात. ग्राउझ म्हणजे आपल्या तितराचा थोराड भाऊ. सेटर वाऱ्याकडे तोंड करून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे डोंगर पिंजत जातो आणि पक्ष्याचा वास आला की पळता पळता थिजतो. एक पाय वर, शेपूट ताठ, नाक पक्ष्याच्या दिशेला. याला म्हणायचं पॉइंट. मग मालकाने जवळ जायचं, हुकूम द्यायचा, कुत्र्याने हळूहळू पुढे सरकून पक्षी उठवायचा, आणि पक्षी उडाला, बंदूक वाजली तरी जागचं हलायचं नाही. याच्या स्पर्धा होतात, त्यांना ट्रायल म्हणतात. तिथे पक्षी मारत नाहीत, नुसता बार काढतात. कुत्री जोडीने सोडतात, आणि जोडीतल्या एकाने पॉइंट केला की दुसऱ्याने, त्याला स्वतःला वास येवो न येवो, जिथे असेल तिथे थांबायचं. त्याला तिथले लोक मान देणं म्हणतात. मान न देता जो पुढे घुसतो तो बाद. आमची सगळी गोष्ट या मान देण्यावर अडली.

उषाताई शुद्ध शाकाहारी. अंडंसुद्धा नाही. शिकारीच्या कुत्र्यांमध्ये त्यांचं नाव निघायचं, आणि त्यांनी ग्राउझ कधी तोंडात घातला नव्हता. डोंगरावर त्यांच्या पाठपिशवीत तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा आणि आल्याच्या चहाचा थर्मास. नवऱ्याची जुनी ट्वीडची टोपी, कपाळाला टिकली, पायात गमबूट. खिशात रांगोळीची छोटी डबी. ट्रायल सुरू व्हायच्या आधी त्या चिमूटभर रांगोळी हवेत सोडायच्या, ती कुठे जाते ते बघायच्या आणि वारा कुठून आहे ते ठरवायच्या. बाकीचे लोक गवताची काडी उडवायचे, बोट ओलं करायचे, आणि शेवटी त्यांच्या रांगोळीकडे बघायचे.

कुत्र्यांशी त्या मराठीत बोलायच्या. "हळू गं बाई, हळू." शिट्टी गळ्यात असायची, पण ती वाजलेली मी फार क्वचित ऐकली. ते "हळू" इतकं प्रसिद्ध होतं की एक लालबुंद स्कॉटिश गृहस्थ आपल्या दांडगट, पॉइंटर जातीच्या कुत्र्याला "हालू, हालू" म्हणताना मी ऐकलंय. कुत्र्याने ढुंकून पाहिलं नाही.

आमची ओळख एडिनबराच्या मराठी मंडळाच्या गणपतीत झाली. मी नुकताच इंग्लंडमधल्या रीडिंग गावाहून इथे एका विमा कंपनीत आलो होतो. प्रसादाच्या रांगेत पुढे एक बाई, नारायणपेठी साडी नेसलेल्या, आणि साडीवर पांढरे केस. मी भिडस्तपणे म्हणालो, "तुमच्या साडीला काहीतरी लागलंय."

"मोहरी लागलीय," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "पाय चांगले आहेत तुझे. रविवारी काय करतोस?"

मी काही म्हणायच्या आत नीता म्हणाली, "काही नाही करत, सोफ्यावर असतो. न्या त्याला."

मोहरी ही त्यांची कुत्री. पांढऱ्या अंगावर बारीक काळे ठिपके, म्हणून मोहरी. त्यांच्या सगळ्या कुत्र्यांची नावं अशी मिसळणाच्या डब्यातली. त्या रविवारी वाऱ्याने माझे कान बधिर झाले होते, बुटात पाणी गेलं होतं आणि मी मनातल्या मनात नीताला शिव्या घालत होतो. एवढ्यात समोर लांबवर पळणारी मोहरी एकदम थांबली. सगळा डोंगर हलत होता, झुडपं, ढग, आमचे कपडे, आणि मधोमध ती एकटी हलत नव्हती. उषाताई तिच्याजवळ गेल्या, "हळू" म्हणाल्या, आणि मोहरी पोटावर आल्यासारखी दोन पावलं सरकली. समोरच्या झुडपातून सात-आठ पक्षी फडफडाट करत उठले. मोहरी बसली आणि ते जाताना बघत राहिली. माझे डोळे भरून आले. वाऱ्याने असेल.

"लागली का?" उषाताईंनी विचारलं.

"काय?"

"चटक," त्या म्हणाल्या आणि मला एक पुरी दिली.

पिल्लू मिळवणं मात्र सोपं नव्हतं. उषाताई कुत्र्यांची लग्नं आपल्याकडच्या लग्नांसारखी जमवायच्या. नर कितीही नावाजलेला असो, चौकशी त्याच्या मामांची. "मामा कसा होता ते विचार. बाप काय, ट्रायलला चांगला वागतो." एकदा एका फार मोठ्या विजेत्या कुत्र्याचं स्थळ त्यांना सांगून आलं. त्यांनी नाकारलं. कारण काय, तर "तो गुणी आहे रे, पण त्याच्या मुली भुंकतात." त्या मालकाला हे त्यांनी इतक्या गोड इंग्रजीत कळवलं की तो माणूस त्यानंतर दर नाताळला त्यांना केक पाठवायचा. मी तसं कोणाला म्हटलं असतं तर त्याने मला खड्ड्यात ढकललं असतं.

शेवटी मोहरीला त्यांनी वेल्समधल्या कुणा शेतकऱ्याच्या कुत्र्याकडे स्वतः गाडी चालवत नेलं, आणि पिल्लं झाली. त्याआधी त्या आमच्या घरी येऊन गेल्या. कुंपण हलवून पाहिलं, दुपारी घरी कोण असतं ते विचारलं, नीताला बाजूला घेऊन "हा चिडतो का?" असंही विचारलं. नीता "हो" म्हणाली. तरी आमचा नंबर लागला.

मी दर आठवड्याला पिल्लं बघायला जात होतो. त्यात एक नर होता, पांढऱ्यावर फिकट तपकिरी ठिपक्यांचा. खोक्यातून पहिला बाहेर आला तो हाच. उषाताई काठीला दोरी आणि दोरीला ग्राउझचा पंख बांधून जमिनीवर ओढायच्या. बाकीची पिल्लं त्याच्यामागे धावायची, हा मात्र एक पाय उचलून उभा राहायचा. एवढंसं पिल्लू, पोट जमिनीला टेकतंय, आणि पॉइंट! मी त्याच्यावर जीव टाकला. त्याला मनातल्या मनात नावसुद्धा ठेवलं होतं.

न्यायच्या दिवशी उषाताईंनी माझ्या हातात ठेवली ती एक गप्प पिल्ली. कोपऱ्यात बसून सगळ्यांना बघत बसणारी. मी तिच्याकडे आधी कधी नीट बघितलंही नव्हतं.

"ताई, मला तो हवा होता."

"माहितीये मला. म्हणून तर तो नाही देत. त्याच्याकडे बघताना तुला बाकीची दिसतच नाहीत."

"पण मला तो आवडलाय."

"तो आवडलाय. ही आवडून घ्यावी लागेल. ते जास्त टिकतं."

नीता खो खो हसली. "माझ्या सासूबाईंनी अगदी हेच म्हटलं होतं, याच्याबद्दल." आणि दोघी बायका माझ्यासमोर टाळ्या देऊन हसल्या. मी पिल्ली, म्हणजेच ही मेथी, घेऊन गाडीत जाऊन बसलो. तो नर उषाताईंनी स्वतःसाठी ठेवला. त्याचं नाव ओवा. ठेवला तर ठेवला, पण वर मला तत्त्वज्ञान कशाला? सरळ म्हणायचं, सगळ्यात चांगलं मी घेते, उरलेलं तू घे. मला ते जास्त पटलं असतं.

ओवा पुढे काय झाला ते सांगणं मला आजही जड जातं. तो पळायचा तर जमिनीला पाय लागत नाहीत असं वाटायचं. पिल्लांच्या गटात पहिला, नवख्यांच्या गटात पहिला, मग खुल्या ट्रायलमध्ये पहिला. दर वेळी उषाताई कप घ्यायला जाताना टोपी काढायच्या, केस नीट करायच्या आणि म्हणायच्या, "लकी डे." मला त्या "लकी डे"चा इतका राग यायचा! नशिबाने एकदा होतं, दोनदा होतं. नाव ओवा आणि नशीब केशराचं.

मेथी वाईट नव्हती. परीक्षक म्हणायचे, नाईस मूव्हर. म्हणजे चालण्याला नाव ठेवायला जागा नाही, बाकी बोलायला नको. तिच्यात एकच खोट होती, आणि ती मोठी होती. ती मान द्यायची नाही. दुसऱ्या कुत्र्याने पॉइंट केला की ती मान खाली घालून, चोरासारखी, त्याच्या पुढे जायची. पक्षी उठायचा, परीक्षक हात वर करायचा, आणि मी तिला पट्टा लावून परत. असं किती ट्रायलमध्ये झालं ते मला आठवायचंही नाही.

त्यासाठी उषाताईंनी लाकड्या काढला. लाकड्या म्हणजे जुन्या कपाटाच्या प्लायवूडमधून कापलेला, पॉइंट करणारा कुत्रा. त्याला त्यांनी स्वतः काळे ठिपके रंगवले होते आणि एक डोळा थोडा मोठा झाला होता. तो झुडपात आडवा ठेवायचा, दोरी ओढली की उभा राहतो. मेथी पळत आली, लाकड्या उठला, आणि मेथी जागच्या जागी थांबली. परत, परत, दर वेळी थांबली. मग खरा ओवा सोडला. ओव्याने पॉइंट केला, आणि ही त्याला वळसा घालून पुढे गेली.

"प्लायवूडला मान देते, सख्ख्या भावाला देत नाही!" मी वैतागलो.

उषाताई दोरी गुंडाळत होत्या. "तिला काही झालेलं नाही. ओव्याने पॉइंट केला की तू श्वास धरतोस. शिट्टी हातात असते आणि वाजवायला उशीर करतोस. तुला वाटतं, जाऊ दे की पुढे, मिळाला हिला पक्षी तर मिळाला."

"असं काही नाही, ताई."

"मी तीस वर्षं लोकांचा श्वास बघत बसलेय," त्या म्हणाल्या आणि लाकड्याला काखेत मारून निघाल्या.

मी घरी येऊन नीताला म्हणालो की बाई मनाला येईल ते बोलतात. नीताने विचारलं, "श्वास धरतोस का?" मी जेवायला बसलो.

आणि मेथी स्वतः? उषाताई आमच्याकडे आल्या की ती त्यांच्या पायांवर जाऊन झोपायची. माझ्या पायांवर कधी नाही. मी एकदा कुरकुरलो, "रोज खायला मी घालतो हिला."

"रोज खायला मी तुला घालते," नीता म्हणाली. विषय संपला.

डोंगराचा राखणदार डंकन नावाचा माणूस होता. पक्ष्यांची, झुडपांची, कोल्ह्यांची सगळी व्यवस्था त्याच्याकडे. अतिशय तुसडा. मला तो "डॉक्टर्स फ्रेंड" म्हणायचा. माझं नाव श्रीकांत आहे हे मी त्याला दर मोसमात सांगायचो आणि तो मान डोलवायचा. उषाताई दिसल्या की मात्र हा टोपीला हात लावणार, फाटक उघडून धरणार. शिकारीचा मोसम सुरू झाला की पहिली ग्राउझची जोडी तो शाकाहारी बाईंच्या दाराला टांगून जायचा. त्या ती आमच्याकडे पाठवायच्या. मी नागपूरचा. एकदा मी स्वतः खडे मसाले भाजून, वाटून, तर्रीदार सावजी रस्सा केला. अख्खा दिवस गेला. त्यातला एक डबा सद्भावना म्हणून डंकनला नेऊन दिला. पुढच्या आठवड्यात तो पहिल्यांदा हसत माझ्याकडे आला. "दॅट करी वॉज मॅग्निफिसंट," तो म्हणाला. "टेल द डॉक्टर."

मी उषाताईंना सांगितलं नाही. ज्यांनी कांदा-लसणाच्या पुढे काही शिजवलं नाही, त्यांना माझ्या रश्श्याचंही श्रेय!

सांगायचं ते एवढंच की पुढे पुढे मला बाकी काही नको झालं होतं. नोकरीत बढती मिळाली, ती गोड लागली नाही. मला एकच हवं होतं. एकदा, फक्त एकदा, मेथी आणि ओवा एका जोडीत सुटावेत, मेथीने त्याला हरवावं, आणि उषाताईंनी ते उभं राहून बघावं. नीताला हे मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अरे, ती सत्तरीची बाई आहे." मी म्हणालो, "कुत्रा सत्तरीचा नाहीये."

मग एका उन्हाळ्यात उषाताईंचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, त्या दोन महिन्यांत परत डोंगरावर दिसल्या, पण आता चढ आला की थांबून निसर्ग बघितल्यासारखं करायच्या. ऑगस्टच्या सुरुवातीच्या ट्रायलला मीच त्यांना गाडीतून नेत होतो. मागे जाळीत मेथी आणि ओवा. वाटेत त्या म्हणाल्या, "मुलीकडे कार्डिफला चाललेय रे मी. कायमची. वरच्या मजल्यावर फ्लॅट आहे, एक कुत्रं चालतं. ओव्याला नेतेय, बाकीच्यांची सोय केलीय."

"कधी?"

"या महिन्याच्या शेवटी. म्हणजे ही शेवटचीच ट्रायल."

मी "अरे बापरे" म्हणालो. मला खरंच वाईट वाटलं. पण त्या वाईटाच्या आतून दुसरंच काहीतरी डोकं वर काढत होतं: मग आजच. आज नाही झालं तर कधीच नाही.

सकाळच्या फेरीत टोपीतून चिठ्ठ्या निघाल्या आणि आम्ही वेगवेगळ्या जोड्यांत आलो. ओव्याने नेहमीसारखं केलं. मेथीच्या जोडीदाराने पॉइंटच केला नाही, मान द्यायची वेळच आली नाही, आणि तिने स्वतः दोन झकास पॉइंट केले. दुपारी परीक्षकांनी आपसांत डोकी जोडली. मग त्यांतला उंच, मिशीवाला म्हणाला की निर्णयासाठी दोन कुत्री पुन्हा एकत्र बघायची आहेत. त्याने दोन नंबर पुकारले. एक ओव्याचा, एक माझा.

उषाताईंनी डबी काढून रांगोळी सोडली. ती आमच्या तोंडावर आली. वारा समोरून, अगदी हवा तसा.

"सोडायचं?" त्या म्हणाल्या.

दोघं सुटले. ओवा उजवीकडे, मेथी डावीकडे. मधे एक लहानशी टेकडी होती, घरावर कौलं चढावीत तशी हेदरने शाकारलेली. ओवा मोठा वळसा घेत तिच्या मागे गेला, आणि तो नजरेआड होऊ नये म्हणून उषाताई एकट्या त्या बाजूला चढल्या, एक पाय ओढत. दोन्ही परीक्षक माझ्याबरोबर होते. कारण त्याच वेळी मेथी थांबली होती.

मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. एक पाय उचललेला, शेपटीचा केससुद्धा हलत नव्हता. मी जवळ गेलो. माझ्या तोंडून आपोआप "हळू" निघालं. मेथी सरकली, थांबली, पुन्हा सरकली, आणि पिल्लांसकट ग्राउझचं अख्खं कुटुंब उठलं. बार निघाला. मेथी बसली.

त्याच सुमारास टेकडीच्या पलीकडून एका एकट्या ग्राउझचा कर्कश कलकलाट ऐकू आला होता. पक्षी उडताना आम्हाला दिसला, कुत्रा दिसला नव्हता. तसे पक्षी आपणहूनही उठतात. बार निघाला की उठतात, माणूस चालत आला की उठतात. थोड्या वेळाने ओव्याला शेजारी घेऊन उषाताई टेकडीवरून खाली आल्या. मिशीवाल्या परीक्षकाने अदबीने विचारलं, "डॉक्टर, तो पक्षी आपणहून गेला का?"

नुसतं "येस" म्हटलं असतं तरी झालं असतं. त्यांच्याशिवाय तिथे कोणी नव्हतं. आणि सकाळच्या कामगिरीवर ओवा माझ्या पुढे होता, हे मलाही ठाऊक होतं.

"नो," उषाताई म्हणाल्या. "ही पुट इट अप. ही सॉ हर ऑन पॉइंट, अँड ही वेंट ऑन." एवढं बोलून त्यांनी खाली वाकून ओव्याला पट्टा लावला. परीक्षकाने टोपी काढली.

मग मला मराठीत म्हणाल्या, "टेकडीच्या माथ्यावर आला, हिला उभी बघितली त्याने. थांबला पण क्षणभर. मग राहवलं नाही, घुसला आणि पक्षी उठवला. आजवर त्याच्या आधी कुणी पॉइंट केलाच नव्हता ना, सवयच नाही त्याला."

ओव्याला मेथीचा हेवा वाटला होता! इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहत होतो, त्याच्याही पलीकडचं काहीतरी घडलं होतं. मी काहीतरी मोठ्या मनाचं बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात उषाताईंनी मेथीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, तिच्या कपाळावर आपलं कपाळ टेकलं आणि म्हणाल्या, "शहाणी गं माझी."

माझी! मी मेथीला पट्टा लावला.

बक्षीस समारंभ वरच्या सपाटीवर, गाड्यांपासून जरा लांब होता. उषाताई थांबल्या नाहीत. गुडघा दुखतोय, मी खाली जाऊन बसते, तुझं सावकाश होऊ दे, असं म्हणून त्या ओव्याला घेऊन उतारावरून निघाल्या. परीक्षकाने माझं नाव घेतलं, चक्क बरोबर घेतलं, आणि चांदीचा जड कप माझ्या हातात दिला. टाळ्या वाजल्या. भरपूर वाजल्या. पण टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी निम्म्यांची तोंडं खाली रस्त्याकडे वळलेली होती. डंकन तर भाषण संपायच्या आत धावत उतार उतरला, का, तर त्यांच्यासाठी गाडीचं दार उघडायला. गाडी माझी, किल्ली माझ्या खिशात.

त्यानंतर मी त्यांना घरी सोडलं, महिनाअखेरीला निरोपाचं जेवणही झालं, फोन तर शेवटपर्यंत चालू होते. पण उषाताई म्हटलं की मला त्या दिसतात तशा मी त्यांना सपाटीवरून पाहिलं. खाली गाडीशेजारच्या दगडावर त्या बसल्या होत्या. टोपी काढलेली, पांढरे केस वाऱ्यावर उडताहेत. समोर हरलेला ओवा, चिखलाने माखलेला. त्या त्याचा एकेक पाय मांडीवर घेऊन टॉवेलने पुसत होत्या आणि त्याला काहीतरी सांगत होत्या. डंकन बाजूला उभा राहून ऐकत होता, एक अक्षर कळत नसताना. मग ओव्याने पुढे होऊन त्यांचा सगळा चेहरा चाटला, आणि उषाताई मान मागे टाकून हसल्या. इतक्या मोकळ्या, की वाऱ्याच्या उलट ते हसू वरपर्यंत आलं. माझ्या पट्ट्यातली मेथी तिकडे ओढ घेऊ लागली.

कोणीतरी मला म्हणालं, काँग्रॅच्युलेशन्स, हॅपी मॅन टुडे. मी मान हलवली. कप माझ्या हातात होता, आणि हसत त्या होत्या.